पहिल्यांदा स्कीइंग करताय? गुलमर्ग की औली?

माझं मत आधीच सांगतो: गुलमर्ग.

श्रीनगर विमानतळावरून साधारण दीड-दोन तासांत तुम्ही २,६५० मीटर उंचीवर असता. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. वरचे उतार मात्र कसलेल्यांसाठीच. तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे, तेव्हा गस्तीपथकाची सूचना आणि जाणकार गाईड यांशिवाय जाऊच नका. नवशिक्यांनी खालच्या सौम्य उतारांवरच शिकावं. बर्फ भरवशाचा हवा असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी गाठा. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

औलीचं सौंदर्य वेगळंच! समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. उतार शिकायला छान, गर्दीही कमी. पण ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंतच घाटरस्त्याने अख्खा दिवस जातो. तिथे जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. त्यामुळे पुढेही रस्त्यानेच जायची तयारी ठेवा. बर्फाचाही दरवर्षी भरवसा नाही, म्हणून बुकिंगपूर्वी तिथल्या हॉटेलात फोन करून बर्फ किती आहे ते विचारा.

तरीही हाताशी आठवडाभर असेल आणि हिमशिखरं डोळे भरून पाहायची असतील, तर औली जरूर निवडा.