पोरगा पुण्यात, शेती चिखलीत. मग जनगणनेत तो शहरातला की खेड्यातला?

चिखली : तालुक्यात आता असं गाव सापडणं अवघड, जिथला एकही पोरगा पुण्याला, वाळूजला किंवा सुरतला कामाला नाही. शेती इथं, रेशनकार्ड इथं, पण राहणं तिकडं. हा माणूस खेड्यातला धरायचा की शहरातला? फेब्रुवारी 2027 मध्ये होणाऱ्या लोकसंख्या मोजणीत ते ठरणार आहे. गावाच्या निधीचा आणि ग्रामपंचायतीच्या जागांचा हिशेब याच आकड्यावर बसतो, म्हणून हा विषय समजून घेतलेला बरा.

जग कुठं चाललंय?

1950 मध्ये जगातल्या 100 माणसांपैकी 30 शहरात राहत होती. 2007 च्या सुमारास शहर आणि खेडं बरोबरीला आलं. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालात हा आकडा 55 वर गेला. 2050 पर्यंत तो 68 होईल, असा अंदाज आहे.

पण सगळीकडं सारखं नाही. 2018 मध्ये उत्तर अमेरिकेत 100 पैकी 82, लॅटिन अमेरिकेत 81, युरोपात 74, आशियात 50 आणि आफ्रिकेत 43 लोक शहरात होते. 1950 मध्ये आशियात हाच आकडा 18 च्या आत होता. सगळ्यात मोठी उडी चीनने मारली. 1980 मध्ये 20 च्या आत असलेला चीन 2018 मध्ये 59 वर पोचला.

आपला जिल्हा कुठं?

भारतात 1951 ला 100 पैकी 17 लोक शहरात होते, 2011 ला 31. महाराष्ट्रात 2011 ला 45, बुलडाणा जिल्ह्यात मात्र फक्त 21. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे 25 लाख 86 हजार होती आणि चिखली शहराची सुमारे 58 हजार.

टक्का घटला म्हणजे खेडी ओस पडली, असंही नाही. देशाची ग्रामीण लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 74 कोटींवरून 83 कोटींवर गेली. शहरं त्याहून जोरात वाढली, एवढंच.

माणूस न हलता गाव शहर होतं

शहराचा टक्का वाढायला लोक जावेच लागतात, असं नाही. हद्द बदलली तरी तो वाढतो. पुण्याजवळही एक चिखली आहे. ते गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं आणि तिथले शेतकरी घर न सोडता शहरवासी झाले. आपल्या जिल्ह्यात मोताळा आणि संग्रामपूर 2011 च्या जनगणनेत खेडी होती. आता तिथं नगर पंचायत आहे, म्हणजे पुढच्या मोजणीत ती शहरात धरली जातील.

नगर परिषद किंवा नगर पंचायत नसलेलं गावही जनगणनेत शहर ठरू शकतं. त्यासाठी तीन अटी आहेत : लोकसंख्या किमान 5 हजार, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. असं गाव कागदावर शहर दिसतं, पण कारभार ग्रामपंचायतीकडंच राहतो. नगर पंचायत झाली तर मात्र ग्रामपंचायत जाते आणि ग्रामीण भागासाठीची रोजगार हमीची कामंही थांबतात.

गावानं काय लक्षात ठेवायचं?

जनगणनेत माणूस राहतो तिथं मोजला जातो. आधार कुठलं, मतदार यादीत नाव कुठं, याच्याशी संबंध नाही. पुण्यात बिऱ्हाड असलेलं कुटुंब पुण्यातच मोजलं जाणार. मोजणीचा पूर्ण काळ ऊसतोडीवर असलेलं कुटुंबही गावात धरलं जात नाही. त्यांनी जिथं असतील तिथं नाव नोंदवून घ्यावं, नाहीतर ते दोन्हीकडून सुटतील.

ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवरच ठरतात : 1500 पर्यंत 7, 3000 पर्यंत 9, 4500 पर्यंत 11. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्येला मोठं वजन असतं. त्यामुळं गावात राहणारं म्हातारं माणूस, मळ्यातलं घर, पारधी वस्ती यातलं कुणीही मोजणीतून सुटू नये, हे गावानंच पाहायचं आहे. एकदा आकडा लागला की पुढची जनगणना होईपर्यंत तोच चालतो. 2011 चा आकडा आजही चालूच आहे.