काँक्रीटचा रस्ता आणि उन्हाळ्याचा हिशेब

डांबर उन्हाने पाघळते, काँक्रीट मात्र कशालाच दाद देत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. बुलढाणा तालुक्यातील धाडसारख्या गावी काँक्रीटच्या रस्त्याची मागणी होते ती याच विश्वासाने. वस्तुस्थिती निराळी आहे. उष्णतेने काँक्रीट प्रसरण पावते, थंडीने आकसते. तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर एक किलोमीटरचा अखंड व मोकळा पट्टा सुमारे ३० सेंटिमीटरने लांबेल. साडेचार मीटरच्या एका लादीच्या वाट्याला यातील जेमतेम दीड मिलिमीटर येतो. रस्त्यात ठरावीक अंतरावर सांधे ठेवावे लागतात ते याचसाठी.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. दुपारी लादीचा माथा तापतो, तळ त्या मानाने थंड असतो. तेव्हा कडा खाली झुकू पाहतात. पहाटे माथा निवतो, कोपरे वर उचलले जातात आणि त्यांच्याखालचा आधार सुटतो. अशा वेळी मालाने भरलेला ट्रक कोपऱ्यावरून वारंवार गेला, की तडा ठरलेलाच.

सर्वांत नाजूक असते ती पहिली रात्र. भर उन्हात ओतलेले काँक्रीट तापलेल्या स्थितीतच घट्ट होते व रात्री आकसते. काही तासांच्या आत, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीपर्यंत सांधा कापला नाही, तर काँक्रीट स्वतःच वाकडीतिकडी भेग पाडून घेते. याच जिल्ह्यातील मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या कामावर यंत्रे व अभियंते असतात. गावातील गल्लीच्या वाट्याला ती दक्षता क्वचितच येते.

येथेच खरी अडचण आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून निधी संपविण्याची घाई उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. विहिरी तळ गाठू लागतात, नेमके तेव्हाच नव्या रस्त्याला किमान दोन आठवडे पाणी द्यावयाचे असते. तहानलेल्या गावात हे पाणी कोण देणार? मग रस्ता कोरडाच राहतो आणि पहिल्याच वर्षी भेगाळतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. अशी कामे दिवाळीनंतरच्या थंड महिन्यांत हाती घ्यावीत, काँक्रीट दुपारी न ओतता सायंकाळी ओतावे, ओले बारदान अंथरावे. सांधे केव्हा कापले व पाणी किती दिवस दिले, हे दोन प्रश्न ग्रामसभेने देयक मंजूर होण्यापूर्वी विचारावेत. रस्ता सिमेंटचा झाला एवढ्याने तो टिकाऊ होत नाही. हवामानाचा मान राखून बांधला तरच तो टिकतो.