‘काय’ची ‘गाय’ होते तेव्हा: एक उलटा बिट आणि बंद पडलेलं स्टोरेज

इयरफोन घरी विसरलात म्हणून वाचायला आलात, तरी स्वागत आहे. आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण फोटो क्लाउडवर टाकून निवांत झोपणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

आधी दोन अक्षरं बघू. कॉम्प्युटरमध्ये ‘क’ हे अक्षर तीन बाइटमध्ये बसतं, म्हणजे २४ बिट, २४ शून्य-एक. ‘ग’चंही तसंच. या दोघांत फरक किती? फक्त एका बिटचा! म्हणजे कुठलीही तपासणी न करता तुम्ही ‘काय’ पाठवलं आणि नेमका तोच बिट उलटला, तर समोर ‘गाय’ पोचणार. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही, कारण ‘गाय’ वाचता येते. त्याच बाइटचा सगळ्यात पहिला बिट उलटला असता, तर ते अक्षरच उरलं नसतं आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्ह आलं असतं. याला म्हणायचं डिकोडिंग एरर. लोक या एररला घाबरतात. मला विचाराल तर एरर आली हे नशीब समजा. भीती बाळगायची ती गायीची.

आणि हे खरंच घडलंय. २० जुलै २००८, रविवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ८:४०, आपल्याकडे रात्रीचे ९:१०. ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेत एरर झपाट्याने वाढायला लागल्या. एक-दोन सर्व्हरवर नाही, अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडे. तासाभराने इंजिनिअर लोकांच्या लक्षात आलं की सर्व्हरचं आपापसातलं बोलणंच बिघडलंय.

हे सर्व्हर बोलतात कसे? गॉसिप प्रोटोकॉलने. नावाप्रमाणेच, कानोकानी. कोणता सर्व्हर चालू, कोणता बंद, ही खबर एक दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. प्रचंड मोठ्या सिस्टीममध्ये ही पद्धत भारी चालते. त्या दिवशी मात्र मोजक्या काही मेसेजमधला एक-एक बिट उलटला होता. मेसेज वाचता येत होता, आतली माहिती चुकीची होती. म्हणजे आपली गायच! आणि अफवा पसरते तशी ती सगळीकडे पसरली. सर्व्हरचा वेळ एकमेकांशी गप्पा मारण्यातच जायला लागला, ग्राहकांचं काम राहिलं बाजूला.

ग्राहकांच्या फायलींवर एमडी५ चेकसम होता. चेकसम म्हणजे डेटावरून काढलेली एक छोटी खूण. डेटा बदलला की खूण जुळत नाही, चोरी लगेच पकडली जाते. पण सर्व्हरच्या या आतल्या निरोपांना तसलं संरक्षण नव्हतं. तिजोरीला कुलूप आणि वॉचमनला दिलेली चिठ्ठी उघडी, असा प्रकार. शेवटी काय केलं? सगळ्या सर्व्हरचं बोलणं बंद केलं, साठलेली माहिती पुसली आणि सिस्टीम हळूहळू परत उठवली. युरोपात सर्व्हर कमी, म्हणून ते आधी उठलं. अमेरिकेत सगळं सुरळीत व्हायला दुपारचे ४:५८ वाजले, आपल्याकडे सोमवारची पहाट. नंतर या निरोपांनाही चेकसम लावायचं ठरलं. खूण जुळली नाही की मेसेजची नोंद करायची आणि तो फेकून द्यायचा.

‘पण नेटवर्कवर टीसीपीचा चेकसम असतोच की’, असं कॉम्प्युटरवाले श्रोते म्हणतील. असतो, फक्त १६ बिटचा. शिवाय मेसेज निघण्याआधी मेमरीतच बिघडला, तर टीसीपी त्या बिघडलेल्या मेसेजवरच इमानदारीत शिक्का मारतो. म्हणून खूण मेसेज तयार होतो तिथेच काढायची आणि वापरतो तिथे तपासायची.

आता शोधायचं कसं? एरर दिसते एकीकडे, बिघाड झालेला असतो दुसरीकडेच. समजा मेसेजच्या सुरुवातीला लांबी लिहिलीय, २० बाइट. त्यातला एक वरचा बिट उलटला, तर वाचणारा १,०७,३७,४१,८४४ बाइटची वाट बघत बसतो. लोक डिकोडरचा कोड उपसत बसतात, आणि तो बिचारा निर्दोष असतो.

माझा सल्ला, आधी बिघडलेल्या मेसेजचे कच्चे बाइट जपून ठेवा आणि शक्य असेल तर मूळ मेसेजशेजारी ठेवून बघा. एकच बिट वेगळा असेल तर पहिला संशय हार्डवेअरवर: मेमरी तपासा, ईसीसी मेमरीच्या नोंदी बघा. पण मधला अख्खा तुकडा बदललाय आणि तिथे दुसऱ्याच मेसेजचा ओळखीचा मजकूर दिसतोय? मग दोष बहुतेक कोडमध्ये आहे. बफर म्हणजे मेसेज तात्पुरता ठेवायची जागा. पाठवणं पुरं होण्याआधीच ती मोकळी समजून दुसऱ्याने वापरली. सरांनी फळा पुसला, आपण अजून उतरवूनच घेत होतो, तसं. सी किंवा सी++ मध्ये हे फार होतं. मोकळी करून टाकलेली जागा कोणी परत वापरत असेल, तर ॲड्रेस सॅनिटायझर लावून प्रोग्रॅम चालवा, तो बहुतेक वेळा नेमकी ओळ दाखवतो. जागा मोकळी न करता नुसतीच परत वापरली असेल, तर तो गप्प बसतो. तिथे मग प्रत्येक टप्प्यावर चेकसम छापायचा आणि खूण पहिल्यांदा कुठे बदलली ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण बिघाड दोन टप्प्यांच्या मध्ये सापडतो.