संकेतस्थळाचा द्वारपाल

आपल्या गावोगावच्या मंडळांची वधूवर-सूची, सभासदांची नावनिशी आणि ग्रंथालयाच्या याद्या कपाटातील वह्यांतून निघून आता संकेतस्थळांवर जाऊन बसल्या आहेत. वहीला कुलूप होते आणि किल्ली चिटणिसांच्या कनवटीला असे. संकेतस्थळाच्या दाराशी मात्र सर्व्हर नावाची प्रणाली रात्रंदिवस उभी असते. जगातून कोणीही पान मागितले, की ते शोधून त्याच्या हाती देणे हे तिचे काम. ते ती किती सावधपणे करते, यावर आपल्या मुलामुलींचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक कोणाच्या हाती पडणार हे अवलंबून आहे. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

या कामातली एक जुनी, नावाजलेली प्रणाली म्हणजे अपॅची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात रॉब मॅक्कूल यांनी लिहिलेला सर्व्हर, ते १९९४ साली तेथून गेल्यावर पोरका झाला. वापरणाऱ्यांनी मग आपापल्या परीने त्याला ठिगळे लावली. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांतील काही जण एकत्र आले आणि त्या ठिगळांतून अपॅची उभी राहिली. (‘ठिगळांची’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी नावाचा उच्चार जुळतो, ही कोटी तेव्हापासूनची!) तिची संहिता कोणालाही वाचता व बदलता येते, आणि तिला मोल पडत नाही.

परंतु निगा पडते. पंगतीचेच उदाहरण घेऊ. अपॅचीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी उभा राहतो. संगणकाची स्मृती ४ गिगाबाइट असून त्यातली एक इतर कामांना लागते, आणि प्रत्येक वाढपी ६० मेगाबाइट जागा अडवतो असे धरा. म्हणजे सुमारे ५० वाढपी मावतात. गर्दीच्या भीतीने कोणी ही मर्यादा ३०० वर नेली, तर लागणारी १८ गिगाबाइट जागा येणार कोठून? संगणक चकतीवर सामान हलवू लागतो आणि सारी पंगतच खोळंबते. मर्यादा वाढविल्याने वेग वाढतो, हा समज येथे सपशेल खोटा ठरतो. जेवण आटोपूनही पाटावर बसून राहणाऱ्यांसाठी वाढप्याने किती थांबावे, हेही ठरवावे लागते. पूर्वी ही मुदत १५ सेकंदांची असे, पुढे ती ५ वर आली.

आता एखादा पाहुणा मुद्दामच एकेक शीत खात बसला तर? २००९ साली रॉबर्ट हॅन्सन यांनी ‘स्लोलोरिस’ नावाच्या छोट्या प्रणालीने नेमके हेच करून दाखविले. अर्धवट मागण्या पाठवून, त्या रेंगाळत ठेवून, एकाच संगणकाने सारे पाट अडविले. ठरावीक वेळात मागणी पुरी न करणाऱ्यास उठविणारा घटक अपॅचीत नंतर आला. वेगाचा प्रश्न येथे सुरक्षेचाच प्रश्न होऊन बसतो.

दुसरेही उदाहरण असेच आहे. प्रत्येक कप्प्यात स्थानिक नियमांची चिठ्ठी ठेवण्याची मुभा दिली, तर अपॅची दर मागणीला वाटेतल्या प्रत्येक कप्प्यात ती चिठ्ठी शोधत हिंडते. मुभा काढून घेतली की हेलपाटा वाचतो, आणि कप्प्यात शिरलेल्या परक्याला आपली चिठ्ठी खपविताही येत नाही.

सर्वांत बोलका प्रसंग २०२१ चा. त्या सप्टेंबरात निघालेल्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता तपासण्याच्या रीतीत एक चूक शिरली. ‘एक पायरी वर जा’ सांगणाऱ्या दोन टिंबांपैकी एक टिंब सांकेतिक रूपात लिहिले, की द्वारपाल फसे आणि संकेतस्थळाच्या कप्प्याबाहेरची कागदपत्रेही काढून देई. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, तीही अपुरी ठरली, कारण तेच टिंब दुहेरी सांकेतिक केले की पुन्हा वाट मिळे. ७ ऑक्टोबरच्या २.४.५१ ने ती बंद केली. मात्र ‘जे स्पष्टपणे मोकळे केलेले नाही ते सर्व बंद’ हा मुळातला नियम ज्यांनी तसाच राखला होता, त्यांची बाहेरची कागदपत्रे या चुकीतूनही बचावली. सोयीसाठी तो सैल करणाऱ्यांचे दार उघडे पडले.

एखाद्या हौशी तरुणाने संकेतस्थळ उभारून दिले आणि तो पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला, ही मंडळांतली नेहमीची कथा. अशा ठिकाणी पुढच्या सभेत तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : आज कोणती आवृत्ती चालू आहे, शेवटची दुरुस्ती कोणी व केव्हा बसविली, आणि वधूवर-सूची नेमकी कोणत्या कप्प्यात ठेवली आहे.