मागच्या दाराची चिंचोळी पट्टी

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर या भागात रो-हाउस किंवा तळमजल्याचं घर घेतलं, की त्याबरोबर एक अवघड जागा पदरात येते. घराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामधली चार-पाच फुटांची चिंचोळी पट्टी. तिच्या नशिबी बहुधा तीनच गोष्टी असतात. कुणी तिथे पेव्हर ब्लॉक बसवून टाकतं, कुणी वर पत्रा घालून जुने टायर आणि सायकली भरतं, आणि हौशी माणूस नर्सरीतून हिरवळीचे गालिचे आणून अंथरतो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या गालिच्याचं शेवाळ होतं. गेली अनेक वर्षं लोकांच्या घरी चहाला गेले, की मी आधी मागचं दार उघडायला सांगते. कारण घराचा सगळ्यात मोठा फायदा याच पट्टीतून काढता येतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आतल्या खोल्यांचं आधी सांगून टाकते. लांबट, डब्यासारखा हॉल असेल तर सगळं सामान लांब भिंतींना चिकटवू नका. टोकाला दिवाण आडवा टाका आणि त्याच्या डोक्यावर दिवा द्या, म्हणजे खोलीची लांबी तुटते. जिन्याखाली खोल कपाट करू नका. मागे पडलेली वस्तू वर्षभर दिसत नाही. त्यापेक्षा चाकांचे खण बरे, आणि मागच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा, नाहीतर जुलैत बुरशी ठरलेली. बाल्कनीत मातीचे मोठे वाफे करायचे असतील तर आधी वजनाचा हिशेब करा. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफ्यातली ओली माती अडीचशे किलोच्या पुढे जाते. खांब किंवा तुळई फोडण्याचा विचार मनात आला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू नका. आतल्या घराबद्दल इतकं पुरे. आता ही मागची पट्टी आली कुठून, ते.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, आणि महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ पासून. या तीन तारखांमध्ये गावचे वाडे गेले, भातखाचरं गेली आणि मोजून आखलेले भूखंड आले. जुन्या घराला पुढे ओटी-पडवी असे आणि मागे परस. न्हाणीचं पाणी कुठे जाणार, हे घर बांधतानाच ठरलेलं असे. नव्या घराला परस मिळाला नाही, ‘मार्जिन’ मिळालं.

हा विषय डोक्यात घेऊन मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये पुन्हा पुन्हा गेले आहे. पनवेलहून हार्बरच्या लोकलने सीबीडी बेलापूरला उतरलं की ती वसाहत फार लांब नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी ती रचली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे आजच्या अनेक फ्लॅटांएवढे किंवा लहानच. पण प्रत्येक घराला स्वतःचं उघडं आकाश, शेजाऱ्याशी एकही सामाईक भिंत नाही, आणि सात-सात घरं मिळून साधारण आठ मीटर गुणिले आठ मीटरचं एक अंगण. घर वाढवायचं तर प्रत्येकाने आपापल्या सोयीने वाढवावं, ही मुभा आराखड्यातच होती. आज तिथे बरीच घरं पाडून उंच बांधलेली दिसतात आणि त्यांत अंगणंही गिळली गेली आहेत. ज्या थोड्या घरांनी मागची मोकळी जागा राखली आहे, तिथे भर दुपारी आतपर्यंत वारा येतो. मोकळी पट्टी बंद केली की घर वाढतं हा हिशेब खोटा आहे. एक अडगळीची खोली वाढते आणि सगळ्या खोल्यांची हवा जाते.

आता उन्हाचं पाहू, कारण हिरवळ आधी तिथेच फसते. पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेकडच्या पट्टीतही मे महिन्यात लख्ख ऊन पडतं, ते पाहून माणूस हुरळतो आणि हिरवळ लावतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराला क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवरच चढतो. तेव्हा दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. पाच फुटांची पट्टी तिच्यात पूर्ण बुडते. म्हणून जागेची परीक्षा घ्यायची ती दिवाळी ते संक्रांत या काळात. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता जमिनीवर खडूने ऊन-सावलीची रेघ मारा. रोज चार-पाच तास ऊन मिळत नसेल तर तिथे हिरवळ लावू नये. दुकानदार काहीही म्हणो.

जिथे ऊन आहे तिथे मात्र महागडं काही आणू नका, आपली हरळी लावा. गणपतीला आपण जिच्या दूर्वा वाहतो तीच ही. पावसाच्या तोंडाशी तिच्या पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचले की ती धरते. पाय सहन करते, उन्हाळ्यात करपली तरी मुळातून पुन्हा फुटते. कोरियन गवत दिसायला मऊ आणि कापायला कमी, पण ते सावकाश पसरतं आणि ऊन त्यालाही हवंच. थोडी सावली आणि ओल असेल तर रुंद पानांचं कार्पेट गवत चालतं. कापताना पात्याचा एक-तृतीयांश भागच घ्यावा, आणि चिखल असताना यंत्र मुळीच फिरवू नये. पावसाळा संपल्यावर चाळलेलं शेणखत, लाल माती आणि रेती यांचा पातळ थर द्यावा.

हिरवळीचा खरा वैरी म्हणजे लव्हाळा. उपटला की वरचं पातं हातात येतं आणि खाली कंदांची माळ तशीच राहते. खुरपलं तर माळ तुटून दहा ठिकाणी कोंब येतात. गंमत अशी, की आयुर्वेदात हाच मुस्ता म्हणून मानाने नांदतो, आणि त्याचा जवळचा भाऊबंद नागरमोथा दिवाळीत आपल्या उटण्यात असतो. पनवेल तर आयुर्वेदिक औषधं करणाऱ्या, १८७२ पासूनच्या धूतपापेश्वरचं गाव, औषधी मुळांचा वास इथल्या हवेला नवा नाही. पण अंगणातला लव्हाळा घालवायचा तर दोनच गोष्टींना तो भितो. एक, कोरडं ऊन. एप्रिल-मेमध्ये माती खोल खणून कंद उघडे पाडले की ते वाळून मरतात. दुसरी, दाट सावली. रुंद पानांखाली त्याचा जोर ओसरतो.

आणि रुंद पानांचा राजा अळू. इथे मला थांबवू नका.

आमच्या ओळखीच्या एक काकू जुन्या पनवेलच्या वाड्यात वाढलेल्या. माझी पट्टी पाहून त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पाणी कुठे जातं ते बघ आणि तिथे अळू लाव. बाकीचं तो बघतो.’’ एवढ्याशा वाक्यात कोकणातल्या परसाचं सगळं शास्त्र आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पडला, आणि जुलैत तो पडतोच, तर पाच हजार लिटर पाणी पन्हळीतून मागच्या पट्टीत उतरतं. पेव्हर ब्लॉक ते शेजाऱ्याकडे ढकलतात. हिरवळ त्यात कुजते. अळू उभा राहतो आणि पितो.

या गावाला पाणी कुठे ठेवायचं ते ठाऊक होतं. वडाळे तळं, कृष्णाळे, देवाळे, बेने इस्रायली समाजाची आठवण नावात जपणारं इस्रायल तळं. एवढ्याशा गावात इतकी तळी उगाच नव्हती. संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठाने फिरताना मला नेहमी वाटतं, की सखल जागा ओलीच राहणार हे मान्य करून बांधलेलं गाव शहाणं असतं. घराच्या मागेही तेच मान्य करायचं.

करायचं कसं? आधी फूटभर खोल खड्डा करून तो दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खाली चिकणमाती किंवा भरावाचा मुरूम दाबून बसला आहे असं समजा. मग घराच्या जोत्यालगत दोन फूट जागा कोरडी राखा. तिथे रेतीवर शहाबादी फरशी सुटी मांडा, सिमेंट नको, आणि मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार कुंपणाकडे द्या. उरलेल्या अडीच-तीन फुटांत दीड फूट खोल चर, तळाला खडी, वर शेणखत मिसळलेली माती. पन्हळीचं तोंड या चरात सोडा. मेअखेर दीड-दोन फुटांवर अळूचे कंद लावा. श्रावणात पानं हाताशी येतात. काळपट देठाचा वडीला, हिरव्या देठाचा फतफत्याला. घशाला खाज येते ती कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांमुळे, म्हणून चिंच, आमसूल किंवा आंबट चुका विसरू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कपडे-भांड्यांचं साबणाचं पाणी खायच्या अळूला सोडू नका. फिनेल, ॲसिड तर अजिबात नको. त्या पाण्यासाठी दुसऱ्या टोकाला कर्दळ लावा, ती ते आनंदाने घेते आणि वर फुलं देते. आणि आठवड्यातून एकदा साचलेलं उघडं पाणी काढून टाका, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ, उभ्या पाण्यातच अंडी घालतो. पाणी मातीत मुरत असेल तर त्याची भीती नाही.

पट्टी सावलीची, पण ओली नसेल तर पावसाळ्यात एकदा कर्नाळ्याला जाऊन या. अभयारण्यातल्या दाट झाडांखाली पाहा, तिथे हिरवळ नसते. नेचे असतात, पांढऱ्या फुलांचं पेव असतं, रानहळद असते. म्हणजे आपण घरी हळद, आंबेहळद, आलं लावायला हरकत नाही. हळदीची पानं पातोळ्यांना लागतात, ती बाजारातून आणायची गरज उरत नाही. जंगलातून मात्र रोपं उचलून आणू नका. हळकुंड आणि आलं भाजीबाजारातलंही रुजतं.

पत्रा घालण्याचा बेत असेल तर तो यंदा पुढे ढकला. आधी एक पावसाळा ही पट्टी उघडी ठेवून पाहा. अळूचे कंद पनवेलच्या बाजारात भाजीवाल्या मावशींकडे मागितले तर मिळतात, आणि मृगाच्या आधी ते जमिनीत गेले पाहिजेत.