गाठीला शस्त्र लावावे काय?

हुमनाबादेत जानेवारीत श्रीवीरभद्रेश्वराची जत्रा भरते, तेव्हा सोलापूर, उमरगा, कलबुर्गी, हैदराबाद अशा चहूकडच्या सोयऱ्याधायऱ्यांनी घरे भरून जातात. अशाच एका जत्रेच्या दिवसांत आमच्या नात्यातील एका अक्कांच्या स्तनात गाठ असल्याचे घरात कळले. अक्कांनी ती पाच महिने कोणासही सांगितली नव्हती. सांगितल्यावर चुलतसासूबाईंचा पहिला शब्द असा पडला : "वाटेल ते कर बाई, पण चाकू लावून घेऊ नकोस. चाकू लागला की गाठ खवळते." घरातील शिकलेल्या मंडळींपैकीही कोणी तो शब्द मोडला नाही. काढे आणि लेप यांत आणखी दोन महिने गेले.

हे वाक्य आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपापल्या घरी ऐकलेले असेल. त्याला अडाणी समजूत म्हणून हसण्याचा प्रघात आहे. आम्हीही हसलो असतो. परंतु पुढे या विषयावरील काही माहिती वाचनात आली आणि आमचे हसू थांबले. कारण ज्या प्रश्नाला आपण म्हाताऱ्यांची भीती म्हणतो, तोच प्रश्न मुंबईच्या शल्यवैद्यांनी गंभीरपणे हाती घेतला होता.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न असा होता : गाठ कापताना तिला जो धक्का बसतो, त्याने काही पेशी रक्तात निसटून दूर जाऊन रुजत असतील काय? आणि तसे असल्यास तो धक्का आधीच बोथट करता येईल काय? त्यासाठी त्यांनी निवडलेले औषध अगदी साधे होते. दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिरतेचे लिग्नोकेन. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचावयाचे, एवढाच फरक. 2011 पासून भारतातील अकरा केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रिया या अभ्यासात घेतल्या गेल्या. निम्म्यांना इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या शंभरांपैकी सुमारे 86 जणी हयात होत्या, दिलेल्यांपैकी सुमारे 90. निष्कर्ष 2023 साली छापून आला. चार हा आकडा कागदावर लहान दिसतो. ज्या घरातील बाई त्या चौघींत असेल, त्या घराला तो लहान वाटणार नाही. खर्च तर नाममात्रच.

म्हणजे चुलतसासूबाईंचे खरे होते काय? येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. इंजेक्शन न घेता शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकीही शंभरांत 86 जणी पाच वर्षांनी जिवंत होत्या. चाकू न लावता गाठ तशीच वाढू दिली असती, तर हा आकडा कोठून येणार? भीतीत तथ्याचा कण असेलही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा होता.

असे अभ्यास कसे करतात, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. कोणत्या रुग्णास कोणती पद्धत, हे वैद्याच्या पसंतीवर ठेवीत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवितात. याचे कारण मोठे मार्मिक आहे. वैद्याच्या मर्जीवर सोडले, तर प्रकृतीने बऱ्या असलेल्या रुग्णांवरच शस्त्रक्रिया होते, त्या अधिक जगतात आणि श्रेय शस्त्राला मिळते. अगदी असेच एकदा घडले होते. रोग हाडांत वा यकृतात पसरल्यावरही स्तनातील मूळ गाठ काढली तर आयुष्य वाढते, असे जुन्या नोंदींवरून वाटत असे. टाटा रुग्णालयात 2005 ते 2013 या काळात अशा 350 स्त्रियांची चिठ्ठ्यांनी विभागणी करून पाहिले. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शंभरांत सुमारे 42 जणी हयात होत्या आणि न झालेल्यांपैकी 43. गाठ काढल्याने छातीवरील रोग आवरला, आयुष्य मात्र वाढले नाही. शल्यवैद्यांनी स्वतःच्याच शस्त्राविरुद्ध असा निकाल छापावा, हे आम्हांस विशेष वाटते.

याच्या नेमके उलट उत्तर तोंडाच्या कर्करोगाने दिले. आपल्या सीमाभागात पान, तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांचे राज्य किती आहे, हे सांगावयास नको. बसस्थानकाच्या भिंतीच ते सांगतात. तोंडातील गाठ लहान असताना आणि मानेत काहीही हातास लागत नसताना मानेतील गाठीही त्याच वेळी काढाव्यात, की त्या दिसू लागेपर्यंत वाट पाहावी, याबद्दल शल्यवैद्यांत कैक दशके वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून दहा वर्षे याचा अभ्यास केला आणि पाचशे रुग्णांचा निकाल 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रथमच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरांत 80 जण हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट. दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचला, असा त्याचा हिशेब होतो. त्रासही झाला, तो शंभरांत साधारण साडेसहा जणांना, वाट पाहणाऱ्यांत साडेतीन जणांना. एवढा जादा त्रास कोणीही पत्करील.

आणि आपल्या अगदी उंबऱ्यावरचा एक अभ्यास सांगितल्यावाचून राहवत नाही. उमरगा ज्या जिल्ह्यात आहे तो उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, 1956 पर्यंत बिदराप्रमाणेच हैदराबाद राज्यात होता. सीमा पडली तरी सोयरीक तुटली नाही. या जिल्ह्यातील 497 खेड्यांत 1999 पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचे गट पाडले. एका गटात रोगकारक विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली. आठ वर्षांत त्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण चाचणी न झालेल्या गटात 64. हा दुसरा गट तपासणीविना का ठेवला, यावर पुढे कठोर टीका झाली, आणि ती आम्हांस सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. त्या 64 जणी आपल्याच भाषेत बोलणाऱ्या होत्या.

अक्कांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्यांच्या थोरल्या लेकीने एके दिवशी कोणास न विचारता त्यांना सोलापूरच्या गाडीत बसविले. शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले, केस गेले आणि पुन्हा आले. वाया गेलेल्या सात महिन्यांत गाठ सुपारीएवढीची लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही पोहोचली होती. त्यामुळे उपचार लांबले. आज तीन वर्षांनी त्या घरातले सर्व काम करतात.

त्यांच्या कागदांची पिशवी आम्ही चाळून पाहिली. शस्त्रक्रियेचा तपशील, काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे इंग्रजीत. वैद्यांशी बोलणे मराठीत, औषधवाल्याशी कन्नडात. अहवालाची एक प्रत लेकीने निराळी जपून ठेवली आहे, हे तिने फार चांगले केले. पुढचा प्रत्येक वैद्य प्रथम तोच कागद मागतो. गाठीभोवती ते बधिरतेचे इंजेक्शन दिले होते काय, हे मात्र त्या कागदांत कोठेच लिहिलेले नाही. पुढच्या तपासणीला जाताना विचारावयाच्या प्रश्नांची यादी लेकीने वहीत केली आहे. हा प्रश्न तिने पहिला लिहिला आहे.