गवती चहा मिश्रित चहा : कोऱ्या कपात चव कशी पारखावी?

भोर-वेल्हे भागात गवती चहाचे एखादे बेट नाही असे परसू क्वचितच आढळते. मोरीच्या पाण्यावर ते वाढते, पाहुणा आला की दोन पाती खुडल्या जातात, आणि या पिकाचा हिशेब कोणी ठेवत नाही. अलीकडे मात्र वाळलेली पात चहाच्या पत्तीत मिसळून पाकिटे विकण्याचा विचार अनेक शेतकरी व महिला बचत गट करू लागले आहेत. किकवी, कापूरहोळ, सारोळे ही गावे पुणे-सातारा महामार्गालगत असल्याने गिऱ्हाईक दारावरून जाते, ही या भागाची मोठी सोय आहे. परंतु एकदा पाकीट घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा थांबेल की नाही, हे कपातील चवीवर ठरते. ती चव विक्रीपूर्वी स्वतः पारखता यावी, या दृष्टीने येथे माहिती दिली आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की या धंद्यात लागवड ही अडचण नाही. मिश्रणात वजनाने १० टक्के पात धरली तर ५० किलो मिश्र चहास ५ किलो वाळलेली पात पुरते. हिरव्या पातीत पाण्याचे प्रमाण बरेच असल्याने साधारणतः ४ ते ५ किलो हिरव्या पातीपासून १ किलो वाळलेली पात मिळते. म्हणजे महिन्याला २० ते २५ किलो हिरवी पात झाली. ओलिताखाली गवती चहाचे हेक्टरी वार्षिक उत्पादन सुमारे २० ते ३० टन धरले जाते. त्या हिशेबाने गुंठ्याला २०० ते ३०० किलो पात मिळते. दर महिन्याला ५० किलो मिश्र चहा विकणाऱ्या गटाला एक ते दीड गुंठा क्षेत्र पुरेसे आहे. ६० × ६० सें.मी. अंतरावर एका गुंठ्यात सुमारे २८० ठोंब बसतात. तेव्हा चवीची खात्री होण्यापूर्वी अर्धा एकर लावण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेलासाठी केलेली लागवड ही वेगळी बाब आहे. तिला ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते आणि तिचे गणितही निराळे असते.

पातीचा वास कोठून येतो व कोठे जातो

गवती चहाच्या लिंबासारख्या वासाचे मुख्य कारण म्हणजे सिट्रल हा घटक. पातीतील तेलात त्याचे प्रमाण साधारण ७५ ते ८५ टक्के असते. नुसते सिट्रल २२९ अंश से. च्या आसपास उकळते, परंतु पाण्याच्या वाफेबरोबर ते त्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला उडून जाते. तेल काढण्याची भट्टी याच तत्त्वावर चालते आणि आपले चहाचे उघडे पातेलेही. उकळत्या चहाचा घमघमाट घरभर सुटतो तेव्हा तेवढा वास कपातून गेलेला असतो. म्हणून चव पाहताना भांड्यावर झाकण असलेच पाहिजे.

उन्हात वाळविल्यानेही हेच नुकसान होते. शिवाय प्रकाश व हवा यांच्या संपर्काने सिट्रल बिघडते आणि लिंबाच्या वासाऐवजी वाळल्या पेंढ्याचा वास उरतो. पात सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात व जमिनीपासून उंचावर वाळवावी. यंत्र वापरल्यास तापमान ४० ते ४५ अंश से. च्या वर जाऊ देऊ नये. चुलीवरच्या माळ्यावर पात वाळविण्याची पद्धत काही घरांत आहे. अशी पात घरी प्यायला चालते, परंतु कोऱ्या चहात तिचा धूर ताबडतोब कळतो.

पावसाळ्यात पात भरपूर फुटते. मात्र ती पाणीदार असते, सावलीत वाळत नाही व कुबट होते. पाकिटासाठीची कापणी पाऊस ओसरल्यावर, दव उडाल्यानंतर करावी. जमिनीपासून १० ते १५ सें.मी. वर कापावे. तांबूस शेंडे काढून टाकावेत. बुडाकडील पांढरा जाड भागही वेगळा करावा, कारण तो सावकाश वाळतो आणि सगळी रास वाळल्यासारखी दिसत असताना ओल धरून ठेवतो.

पात बारीक करण्यास कडबा कुट्टीचे यंत्र वापरण्याचा मोह होतो. त्यास हरकत नाही, परंतु यंत्र धुऊन, पुसून, कोरडे करून घ्यावे आणि पहिली ओंजळभर कुट्टी टाकून द्यावी. एरवी ज्वारीच्या कडब्याचा वास चहात येतो.

पात कोठून घ्यावी याविषयीही एक सूचना करावीशी वाटते. गवती चहा भाजीसारखा धुऊन शिजविला जात नाही, त्यावर सरळ गरम पाणी पडते. भातखाचराच्या बांधावरील पातीवर भाताच्या फवारणीचे औषध उडालेले असू शकते, आणि महामार्गालगतच्या बांधावरील पातीवर धूळ व वाहनांचा धूर बसतो. पाकिटासाठी परसातील किंवा फवारणीपासून दूर असलेली स्वतंत्र पट्टी राखावी.

पत्तीशी मेळ

महाराष्ट्रात चहाची व्यापारी लागवड नाही. त्यामुळे पत्ती आसाम, पश्चिम बंगाल किंवा दक्षिणेतून येणाऱ्या मालातून विकत घ्यावी लागते. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक दाणेदार म्हणजे सीटीसी, व दुसरा वळलेल्या पानांचा म्हणजे ऑर्थोडॉक्स. दाणेदार चहा कडक उतरतो, रंग लवकर देतो व दुधाला पुरा पडतो. पानाचा चहा सौम्य असून त्यात बाहेरचा वास अधिक स्पष्ट कळतो.

येथे एक अडचण येते व ती पाकीट उघडल्यावरच लक्षात येते. दाणा जड व बारीक, पात हलकी व लांब. वाहतुकीत हादरे बसले की दाणे खाली जातात आणि पात वर येते. गिऱ्हाईकाचे पहिले चार कप नुसत्या गवताचे आणि शेवटचे चार नुसत्या चहाचे होतात. याकरिता पात चाळून दाण्याच्या शक्य तितक्या जवळच्या आकाराची घ्यावी. पाकीटही लहान, ५० ते १०० ग्रॅमचे ठेवावे.

दुसरी अडचण ओलाव्याची. कारखान्यातून निघालेला चहा अतिशय कोरडा असतो, त्यात ३ टक्क्यांच्या आसपासच ओल असते. वाकविल्यावर मोडण्याऐवजी दुमडणारी पात त्यात घातली तर चहा तिची ओल ओढून घेतो आणि मऊ, निस्तेज होतो. पात बोटांत चुरल्यावर कुडकुड मोडली पाहिजे. वासाच्या बाबतीतही चहा असाच हावरा आहे. चीनमध्ये चमेलीची ताजी फुले चहाच्या थरांत ठेवून वास भरतात, तो याच गुणामुळे. मिश्रण केल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवून मगच चव घ्यावी. तो डबा कांदा-लसूण, खते किंवा डिझेल असलेल्या खोलीत मात्र ठेवू नये, कारण चहा तोही वास तितक्याच आवडीने घेतो.

चव घेण्याची रीत

चहाची चव घेण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे (आयएसओ ३१०३, प्रथम प्रसिद्धी १९८०). १०० मि.लि. नुकत्याच उकळलेल्या पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन, झाकण ठेवून, ६ मिनिटांनी गाळावा. रोज पिण्याच्या दृष्टीने हा काढा कडकच होतो. पण दोष उघडे पडावेत म्हणूनच तो तसा करतात. साखर व दूध घालू नये. चमच्याने माप घेऊ नये. चमचाभर दाणेदार चहा आणि चमचाभर पात यांच्या वजनात फार तफावत असते. ग्रॅममध्ये मोजणारा लहान काटा गटाने घ्यावाच. पाणी दर वेळी एकाच ठिकाणचे वापरावे. विहिरीचे जड पाणी व नळाचे पाणी यांत तोच चहा वेगळा लागतो.

सुरुवातीस २० ग्रॅमचे तीन नमुने करावेत. १९ ग्रॅम चहा व १ ग्रॅम पात (५ टक्के), १८ व २ (१० टक्के), आणि १७ व ३ (१५ टक्के). सोबत नुसता चहा व नुसती पात यांचेही कप ठेवावेत. कप पांढरे व एकसारखे असावेत. चहा कोमट झाल्यावर चमच्याने घेऊन आवाज करीत ओढावा. चारचौघांत हे अशिष्ट दिसेल, परंतु चहा पारखणारे असेच करतात. ओढताना हवेबरोबर वास घशामागून नाकापर्यंत पोहोचतो, आणि आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. सर्दी झालेल्या माणसाला या कामास बसवू नये. त्या सकाळी तंबाखू खाल्लेल्यालाही नको.

कडू आणि तुरट यांत गल्लत होते. कडूपणा कारल्यात असतो, तो जिभेला कळतो. तुरटपणा हिरड्यात किंवा कच्च्या आवळ्यात असतो आणि तो हिरड्या व गाल आकसल्यासारखा जाणवतो. चहाला थोडी तुरट तरतरी हवीच, तिच्याशिवाय कप पाणचट लागतो. कडवटपणा जास्त असेल तर पत्ती हलकी आहे किंवा वेळ जास्त झाली. त्याचा दोष पातीला देऊ नये.

पातीचे दोष मात्र निराळे ओळखू येतात. पेंढ्यासारखा वास म्हणजे ऊन लागले किंवा माल जुना झाला. बुरसट वास आल्यास ओल राहिली, आणि असा माल मिसळून खपविण्याचा विचारही करू नये. करपट वास यंत्राच्या जादा तापमानाचा असतो. साबणासारखी चव लागली तर बहुधा पातीचे प्रमाण वाढले आहे. आमच्या मते ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान बहुतेकांना रुचणारे मिश्रण मिळते. १५ टक्क्यांना चहा मागे पडतो व औषधी काढ्याची आठवण होते. सुंठेची जोड पातीस चांगली मिळते. वेलचीची मिळत नाही. दोन्ही वास वरच्या पट्टीतले असल्याने एकमेकांना झाकतात. तुळस घातल्यास ती फारच थोडी घालावी, अन्यथा तिच्यातील लवंगेसारखा वास सगळ्यावर मात करतो.

गटातील माणसे आपलाच माल चांगला म्हणतात, हे स्वाभाविक आहे. यावर एक सोपी परीक्षा आहे. समजा सावलीत वाळविलेली व उन्हात वाळविलेली पात यांत खरोखर फरक पडतो का, हे पाहावयाचे आहे. प्रत्येकापुढे तीन कप ठेवावेत, दोन एका नमुन्याचे व एक दुसऱ्याचा. कोणता कप वेगळा, एवढेच विचारावे. कप भरणारी व्यक्ती चव घेणाऱ्यांत नसावी आणि खूण कपाच्या तळाशी असावी. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचे उत्तर बरोबर येतेच. म्हणून बारा जणांपैकी किमान आठ जणांनी वेगळा कप ओळखला तरच फरक खरा मानावा. सहा-सात जणांनी ओळखला तर परीक्षा पुन्हा घ्यावी. फरक कोणालाच कळत नसेल तर जादा मजुरी खर्च करण्याचे कारण नाही, हेही यातून समजते.

कोऱ्या कपात पास झालेले मिश्रण नंतर दुधात पाहावे, कारण आपल्याकडील बहुतेक गिऱ्हाईक दुधाचाच चहा पिते. दुधातील प्रथिने चहाचा तुरटपणा बांधून घेतात व पातीचा वासही मंदावतो. त्यामुळे कोऱ्या चहासाठी ठरलेले ५ टक्के दुधात अपुरे वाटू शकतात. दोन्हींसाठी एकच पाकीट काढण्यापेक्षा कोरा चहा पिणाऱ्यांसाठी पानाचा चहा व कमी पात, दुधासाठी दाणेदार चहा व थोडी अधिक पात, अशी दोन मिश्रणे ठेवणे बरे. ताजे आले वापरणाऱ्यांना एक सूचना पाकिटावर द्यावी. आले आधी पाण्यात उकळावे, कारण कच्च्या आल्यातील पाचक द्रव्य दूध फाडते.

नमुना व लेबल

विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. नावाबाबत विशेष काळजी घ्यावी. 'चहा' हा शब्द कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपापासून केलेल्या पदार्थासाठीच वापरावा, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या गवती चहात चहाचे पान नसते व कॅफिनही नसते. म्हणून नुसती वाळलेली पात विकावयाची असल्यास पाकिटावरील नाव कसे असावे, हे छपाईपूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. छापून झालेली पाकिटे फेकण्यापेक्षा एक खेप परवडते.

'किती महिन्यांत वापरावे' हे दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवून घेऊ नये. प्रत्येक घाण्यातील ५० ग्रॅम मिश्रण विक्रीच्याच पाकिटात भरून त्यावर कापणीची व मिसळण्याची तारीख लिहावी आणि घरात, दुकानात राहते तशा जागी ठेवावे. एक, तीन व सहा महिन्यांनी ते ताज्या मिश्रणाच्या कपाशेजारी वर दिलेल्या रीतीने चाखावे. ज्या महिन्यात बारांपैकी आठ जणांना जुना कप ओळखू येऊ लागेल, त्याच्या आधीचीच मुदत लेबलावर छापावी.